वाड्यावर कॅमेरा: क्लाउडचा, डिस्कचा की नुसता दिवा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरच्या एका कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) पंपाची मोटर रातोरात चोरीला गेली आणि राखणीसाठी काय लावावं हे ठरवायला आम्हा पाच घरांची बैठक बसली. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला वाडा, म्हणजे छोटी वस्ती, चिऱ्याच्या गडग्यांमधून (कुंपणाच्या भिंतींमधून) जाणारी एकच वाट. तुमच्याकडेही हाच घोळ चालला असेल, तर आमचा हिशेब उपयोगी पडेल.

वाय-फायचा कॅमेरा स्वस्त आणि सोपा. भिंतीला अडकवा, मोबाइलवर ॲप घाला, झालं. डीव्हीआर, म्हणजे चित्रण आपल्याच डिस्कवर साठवणारा डबा, घेतला तर वायरी ओढा, चिऱ्याला भोकं पाडा, डबा ठेवायला जागा शोधा. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरशिवाय दोन्ही आंधळे. चोर ओळखण्यातही फारसा फरक नाही: रात्री माणूस आला एवढं दिसतं, तो कोण हे दिसेलच असं नाही. इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे जमतात, कोळी जाळं विणतो आणि मोबाइल रात्रभर ‘हालचाल दिसली’ म्हणून कोकलत राहतो.

फरक आहे तो चित्रण कुठे जातं यात. वाय-फायच्या कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याच्या खिशात. एका घराने असा कॅमेरा आधीच वाटेकडे तोंड करून लावला होता. लॉगिन मुलाकडे, मुलगा पुण्यात. एके दिवशी त्याने आईला फोनवर सहज विचारलं, “काल साडेदहाला समोरच्या वहिनीला सोडायला कोण आलं होतं गे?” हेतू वाईट नव्हता, काळजीच होती. पण बोलणं वाड्यावर फिरलं आणि संध्याकाळी सोप्यावर (ओसरीवर) भाजी चिरत बसणाऱ्या वहिनी आत जाऊन बसू लागल्या. त्यांच्याबरोबर गप्पांना येणाऱ्या दोघी-तिघीही थांबल्या. असल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना माइक असतो, हे तर आम्हाला नंतर कळलं.

“आपल्याला लपवायचं काय आहे?” हे बैठकीत कुणीतरी म्हणणारच होतं. गोव्यात तरी हा प्रश्न जपून विचारावा. 1736 साली इथल्या इन्क्विझिशनने (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने) काढलेल्या फतव्यात नवख्रिस्ती कुटुंबांनी अंगणात तुळस लावणंसुद्धा निषिद्ध ठरवलं होतं. तुळस तीच होती, नियम बदलला, आणि शेजाऱ्याने पाहिलेलं अंगाशी येऊ लागलं.

कायद्याचा आधार आहे, पण अर्धवट. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 चा डेटा संरक्षण कायदा मात्र एखाद्याने निव्वळ घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. एकत्र घरात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: घरातल्या दुसऱ्या बिऱ्हाडाच्या संमतीशिवाय त्यांच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणं कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अमान्य केलं.

तिसरा पर्याय राखणदाराचा. त्याचा महिन्याचा पगार पाच घरांना झेपणारा नव्हता. (गावाची राखण करणाऱ्या देवचाराला वर्षातून एकदा रोटाचा नैवेद्य पुरतो, असं एक आजोबा म्हणाले. त्यात तथ्य एवढंच, की देवचार रेकॉर्डिंग ठेवत नाही.) हालचालीवर पेटणारा दिवा मात्र स्वस्त पडला. तेवढ्याने तुमचं भागत असेल तर कॅमेऱ्याच्या नादी लागू नका.

आमचं भागलं नाही. मी डीव्हीआरच्या बाजूने मत दिलं आणि आजही देईन, पण अटी घालून. कॅमेरे दोनच, वाटेच्या दोन्ही टोकांना, माइक बंद. डब्याला इंटरनेटची वायर जोडायची नाही. 1 टीबीच्या डिस्कमध्ये दोन कॅमेऱ्यांचं चित्रण काही आठवडे मावतं. आम्ही सेटिंग सात दिवसांचं ठेवलं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. मेनूत चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून मागून घ्या, तो स्वतःहून सांगत नाही. आमच्या स्क्रीनवर वहिनींच्या सोप्याच्या जागी काळा चौकोन दिसतो. पासवर्डचा पहिला अर्धा भाग एका घरात, दुसरा दुसऱ्या घरात; दोघं हजर असल्याशिवाय डबा उघडत नाही. पुण्याच्या मुलाने आपला कॅमेरा गोठ्याकडे वळवायला लावला, थोडं कुरकुरून.

मोटर सापडली नाही. नवी घेतली, ती साखळीने बांधून ठेवली आहे.