शिवराईला साडेअकरा लाखांचा भाव आणि माझे गेलेले ७२,४५० रुपये

शिवराई या जुन्या तांब्याच्या नाण्याच्या खोट्या सौद्यात, फोनवरच्या माणसावर विश्वास ठेवून, मी एकूण ७२,४५० रुपये गमावले आहेत. चार वेळा, सहा दिवसांत, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने पिन टाकून. २७ वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे याची मला इतकी लाज वाटत होती की पहिले दोन महिने मी सख्ख्या भावालाही काही सांगितले नाही. आता लिहितो आहे, कारण आमच्या पंचक्रोशीत आणखी दोघांना असेच फोन आले आहेत.

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या शेतात भुईमूग काढताना पत्नीच्या कानातली कुडी पडली आणि ती शोधण्यासाठी भाच्याने कुठून तरी मेटल डिटेक्टर आणला. कुडी सापडली नाही; बांधालगत वीतभर खोलीवर काळपट हिरवे पडलेले तांब्याचे नाणे सापडले. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. शिवराई आहे हे वाचताच कळले आणि आपल्या मातीतून महाराजांचे नाव हाती आल्यावर ज्याचे हात थरथरणार नाहीत असा माणूस आमच्या भागात नसेल. मी त्याची छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकून किंमत विचारली. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन आला.

बोलणारा स्वच्छ मराठीत, ‘सर, सर’ करत बोलत होता. नाणे थेट राज्याभिषेकाच्या म्हणजे १६७४ सालचे आहे, एका मोठ्या संग्राहकाने ११,५०,००० रुपये देऊ केले आहेत आणि व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने होईल, असे त्याने सांगितले. नोंदणीचे २,१५०, खरेपणाच्या दाखल्याचे ९,८००, जीएसटीचे आगाऊ २४,५०० आणि शेवटी विमा व वाहतुकीची परत मिळणारी ठेव म्हणून ३६,००० रुपये. प्रत्येक पैशाबरोबर शिक्का मारलेले पत्र येत होते. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरायचे होते, सोयाबीनला भाव नव्हता. अशा वेळी माणूस लोभानेच फसतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी उभे राहून पाहावे.

तरीही एक क्षण माझ्या मनातून जात नाही. साडेअकरा लाखांचा सौदा ठरवताना त्या माणसाने नाण्याचे वजन एकदाही विचारले नाही. व्यास विचारला नाही, कडा कशी आहे हे विचारले नाही. उलट, ‘अक्षरे उजळ दिसू द्या’ म्हणून चिंच लावून घासायला सांगितले आणि मी ते घासले. त्याच दिवशी पैसे पाठवताना पडद्यावर सरकारी खात्याचे नाव न येता कोणा खासगी व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तो ‘आमचे लेखापाल आहेत’ म्हणाला, आणि मी गप्प बसलो. तिथे थांबलो असतो तर नुकसान २,१५० रुपयांवर आटोपले असते.

पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकाने नंतर नाणे हातात घेतले आणि पहिल्यांदा काट्यावर ठेवले. महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्यानंतर पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अंमल सुरू झाल्यावरही पाडली जात होती, त्यामुळे नाण्यावरचे नाव म्हणजे नाण्याचा काळ नव्हे, हे त्यांनी समजावले. माझ्या नाण्यावर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा आहेत. ही दुदांडी शिवराई, उशिराची. मी घासली नसती तर तिला तीनशे-चारशे रुपये आले असते, असे ते म्हणाले. जुन्या नाण्यावरची काळपट झिलई कधीही काढू नका. ज्याला भाव विचारायचा त्याच्या समोर बसून विचारा.

आता तक्रारीचे सांगतो. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितले की हे सायबरकडे जाते. सायबरवाल्यांनी सांगितले की आधी ठाण्यात अर्ज द्या. बँकेत व्यवस्थापकांनी मान वर न करता ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ एवढेच विचारले. चौथ्या फेरीला ठाण्यातल्या साहेबांनी मलाच विचारले की मेटल डिटेक्टर कुणाचा, नाणे सापडल्याचे कळवले का. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, हे मला तेव्हा समजले आणि माझी ती चूक मी मान्य करतो. पण दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन महसूल कार्यालयात गेलो तर तिथल्या कारकुनाला तो कायदाच ठाऊक नव्हता; त्याने तीन टेबलांवर फिरवले आणि ‘एका पैशासाठी कशाला एवढे?’ असे म्हणून अर्ज परत केला. ज्या कायद्याची भीती ठाण्यात दाखवतात, त्याचा अर्ज घ्यायला सरकारी कचेरीत माणूस नसावा? मी अर्ज टपालाने पाठवला, पोचपावती जपून ठेवली आहे. तुम्हीही काही सापडले तर आधी तेच करा.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही. ते मी वाचले ते पैसे गेल्यावर. पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले आणि तोवर त्या खात्यात काहीच उरले नव्हते.

मागच्या आठवड्यात नव्या क्रमांकावरून फोन आला. अडकलेले पैसे सोडवून देतो, त्यासाठी ४,९९९ रुपये भरा, असे तो म्हणाला. माझे नाव, ७२,४५० ही रक्कम आणि नाण्यावरच्या दोन रेघा, सगळे त्याला पाठ होते. मी तो क्रमांक लिहून घेतला आणि पाचव्यांदा ठाण्यात गेलो.