गिटहबवर की फुटली: नुसतं क्वारंटाइन की थेट बंद?

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, सार्वजनिक रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, ॲक्सेस की, ती 'एकेआयए'ने सुरू होणारी, पुश झाली (चढवली गेली), तर गिटहबचं स्कॅनिंग ती एडब्ल्यूएसला कळवतं. मग एडब्ल्यूएस ती की ज्याची आहे त्या आयएएम युजरला (एडब्ल्यूएसमधल्या युजर-खात्याला) क्वारंटाइन पॉलिसी, म्हणजे काही कामं रोखणारा नियम, चिकटवतं. नवे सर्व्हर उभे करणं, नवे युजर बनवणं असली ठरावीक कामं अडतात, पण की चालूच राहते. प्रॉडक्शन बंद पडत नाही, एवढंच या पॉलिसीचं कौतुक. यादीबाहेरचं सगळं चोरालाही मोकळं.

दुसरा मार्ग आपला आपण बांधायचा: एडब्ल्यूएस हेल्थ या सूचना-सेवेचा इशारा इव्हेंटब्रिजने (घटना पुढे पोचवणाऱ्या सेवेने) पकडून लॅम्ब्डाकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडकडे, द्यायचा आणि त्याने ती की 'इनॅक्टिव्ह' करायची. डिलीट नको, रात्री बिलिंगचा जॉब त्याच कीवर चालतोय असं कळलं, तर परत चालू करता येते. (असा जॉब नेमका निघतोच.)

पण यातही एक मेख आहे. चोराने त्या कीवरून आधीच तात्पुरतं सेशन टोकन (ठरावीक वेळ चालणारा परवाना) काढून ठेवलं असेल, तर की बंद करूनही ते ३६ तासांपर्यंत चालू शकतं. युजरवरचा 'डिनाय', म्हणजे मनाईचा नियम, मात्र त्या टोकनलाही लागू होतो.

माझं मत: लॅम्ब्डाने दोन्ही करावं: ती की 'इनॅक्टिव्ह' आणि युजरवर सरसकट डिनाय. गिटहबवरचं कमिट (की असलेली कोडची नोंद) पुसत बसणं नंतर.