सुपर स्वॅम्पर बॉगर : चिखलाच्या शर्यतीसाठी घ्यावा का, कापावा कसा

अमेरिकेतल्या मड बॉगच्या, म्हणजे ट्रकांच्या चिखलातल्या शर्यतींच्या, मैदानांवर मधल्या गटाच्या ट्रकांखाली एक टायर हमखास दिसतो. लुइझियाना राज्यातल्या रेन गावच्या इंटरको कंपनीचा सुपर स्वॅम्पर टीएसएल बॉगर. रस्त्यावर चालणाऱ्या स्टॉक ट्रकांच्या वर आणि ट्रॅक्टरचे टायर लावणाऱ्या मेगा ट्रकांच्या खाली, म्हणजे साधारण ३६ ते ४४ इंचांच्या पट्ट्यात, याच्यापेक्षा चांगला तयार टायर नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच. इंजिनाने तो भर चिखलातही जोरात फिरता ठेवला पाहिजे. तेवढी ताकद नसेल, तर हा टायर ट्रकला पुढे न नेता खाली नेतो.

कारण त्याच्या रचनेत आहे. मधोमध सलग पट्टी नाही. दोन्ही खांद्यांकडून आलटून पालटून मध्यापर्यंत येणारे उंच, जाड लग (रबराचे ठोकळे) आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा. प्रत्येक लग वल्ह्यासारखा चिखल मागे लोटतो. पण खाच पुढच्या फेरीआधी रिकामी झाली नाही, तर उरतो तो चिखलाने लिंपलेला गुळगुळीत गोळा. खाच रिकामी होते ती फक्त वेगाने. हिशोब सोपा आहे : ४४ इंची चाकाचा कडेचा वेग ताशी ८० किमी असेल, तर तिथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९० पट जोर बाहेरच्या दिशेने लागतो. शंभर ग्रॅमचं ढेकूळ ९ किलोच्या ओढीने सुटू पाहतं. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. जॉर्जियाच्या चिकट लाल मातीत हा फरक लगेच कळतो. फ्लोरिडाच्या वाळूमिश्रित पातळ राडीत कमी वेगावरही निभावतं.

म्हणून टायरच्या आधी गिअर बघावेत. ३५ इंची टायरवर डिफरन्शियलचं ४.१० प्रमाण (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या ४.१० फेऱ्या) बरोबर वाटत असेल, तर ४४ इंचीला तेच वागणं मिळवायला ४.१० × ४४ ÷ ३५, म्हणजे सुमारे ५.१५ लागतं. बाजारात ५.१३ मिळतं, ते घ्यावं. ४४ इंची टायरचा परीघ साधारण साडेतीन मीटर. ताशी ८० किमीला चाक मिनिटाला ३८० फेऱ्या मारतं. ५.१३ आणि २:१ च्या लो रेंजमध्ये (ताकद वाढवणाऱ्या जादा गिअरजोडीत), गिअरबॉक्स डायरेक्टला (एकास एक) असताना, इंजिन ३,९०० आरपीएमवर असतं. त्या आरपीएमला, चिखलाच्या पूर्ण भाराखाली, इंजिन दबत असेल तर ३९.५ इंची बॉगर घ्या आणि पैसे वाचवा. एक्सलचंही तसंच. पुढच्या डॅना ४४ या एक्सलचे युनिव्हर्सल जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारे सांधे) ४४ इंची टायरखाली टिकत नाहीत. डॅना ६० सुद्धा ४० इंचांच्या आसपासच निश्चिंत असतो. त्यापुढे बरेचजण लष्करी अडीच टनी ट्रकांचे रॉकवेल एक्सल घालतात. त्यांचं मूळ प्रमाणच ६.७२ असल्यामुळे मोठ्या चाकाला वेगळे गिअर लागत नाहीत.

रिमच्या बाबतीत एक गोष्ट लोक हलक्यात घेतात. ४४×१९.५ बॉगर १६.५ इंची रिमवर येतो. या रिमची बीड (टायरची रिमला धरणारी कड) बसण्याची जागा तिरकी असते आणि बीड अडवणारा उंचवटा तिच्यावर नसतो. हवा कमी केली की बीड सहज निसटते. त्यामुळे या मापाला बीडलॉक, म्हणजे बीड बोल्टांनी आवळून धरणारं कडं, हवाच. आणि १६ इंची टायर १६.५ च्या रिमवर चढवायचा प्रयत्न कधीही करू नका. हवा भरताना बीड तुटून टायर फुटतो आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. ३९.५×१८ हा १५ इंची रिमवरही मिळतो, आमची पसंती त्याला.

बीडलॉकशिवाय हवेचा दाब १० ते १२ पीएसआयच्या खाली नेऊ नये. बीडलॉक असेल तर संथ, खोल खड्ड्यात ५-६ पर्यंत चालतं. सरळ, वेगवान पिटमध्ये (चिखलाच्या धावपट्टीत) मात्र १२ च्या आसपास ठेवा, कारण फार नरम टायरची साइडवॉल चुरगळते आणि इंजिनाची ताकद तिथेच खर्च होते. बीडलॉकचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. पाच-सोळांश इंची बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, पण रिम बनवणाऱ्याने दिलेला आकडा अंतिम. पहिल्या धावेनंतर रबर दबतं, तेव्हा टॉर्क रेंच पुन्हा फिरवायचा. बॉगर बायस-प्लाय (आतले दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असलेला) आहे, वेगाने फिरताना त्याचा व्यास वाढतो. मडगार्डपासून चारही बाजूंनी किमान १० सेंमी मोकळे ठेवा.

आता कापण्याबद्दल, म्हणजे ट्रेडमधलं (जमिनीला टेकणाऱ्या भागातलं) रबर कोरून काढण्याबद्दल. बॉगर मुळातच उघडा आहे, त्याला थोडंच कापावं लागतं. उत्साहाने जास्त कापलेले टायर पहिल्या दोन-चार धावांत लग उडवतात. आधी तुमच्या गटाचे नियम वाचा. कापलेला टायर अनेक ठिकाणी थेट वरच्या गटात ढकलतो, आणि तो रस्त्यावर चालवायचा नाही.

टायर धुऊन, वाळवून, रिमवर चढवून २० पीएसआय हवा भरा, म्हणजे ट्रेड ताठ राहतो. डेप्थ गेजने खाच मोजा, खडूने आखा. तापत्या पात्याचा ग्रूव्हर (रबर कोरण्याचं हत्यार) वापरा. पातं गार असेल तर रबर फाटतं, फार तापलं तर धूर होऊन कड चिकट पडते. पातं सरळ ओढायचं, वळवायचं नाही, नाहीतर तुटतं. टायरच्या आतल्या नायलॉनच्या थरांवर किमान ३ मिमी रबर राहिलंच पाहिजे. दोरे दिसले की तो टायर बाद समजा : पाणी आत शिरतं आणि थर सुटतात.

लगची जी बाजू चिखल लोटते ती उभीच ठेवा. मागची बाजू दहा-पंधरा अंशांनी तिरकी करा, म्हणजे ढेकूळ अडकत नाही. खांद्याकडचं तोंड थोडं रुंद करा, चिखल बाहेर पडायला वाट मिळते. लगच्या बुडाशी गोल पातं चालवा. तिथे काटकोन राहिला तर भेग तिथूनच सुरू होते. लगची बुडाची रुंदी त्याच्या उंचीपेक्षा कमी होऊ देऊ नका, बारीक लग जोरात मागे वाकतो आणि लोटायचं कामच थांबतं. लगवर बारीक चिरा मारायच्या नाहीत. खडकावर त्यांचा उपयोग आहे, इथे त्या लगचे तुकडे पाडतात. प्रत्येक टायरमधून निघालेलं रबर वेगळ्या बादलीत जमा करून काट्यावर तोला. एका एक्सलच्या दोन टायरांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. खोली हवेशीर हवी, तोंडाला गॅसचा मास्क हवा, साधा कापडी मास्क पुरत नाही.

बॉगरचे दोष खरे आहेत. उतारावर तो आडवा घसरतो, कारण आडव्या दिशेने धरणारं काही नाही. नायलॉनमुळे ट्रक उभा राहिला की टायरला सपाट डाग पडतो आणि पुढचे काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं. डांबरी रस्त्यावर लग भराभर झिजतात. मैदानापर्यंत ट्रेलरवरच न्यावा. गोव्यात २०१४ पासून भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धेसाठी आम्ही तो सुचवणार नाही. तिथे विंच (गाडी दोराने ओढणारं यंत्र), आडवे उतार आणि संथ चाल असते, चाकाचा वेग कामाला येत नाही.

४४ इंचांच्या वर जायचं असेल तर ट्रॅक्टरचा टायर कापणं हा नेहमीचा मार्ग. इथे एक नाव आपल्या ओळखीचं आहे : मुंबईच्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचे बीकेटी. त्यांचे ६६×४३-२५ टायर मॉन्स्टर जॅम या अमेरिकी ट्रक-कसरतींच्या खेळातल्या ट्रकांखाली असतात. पण शेतीच्या टायरवर ए८ हे वेगाचं चिन्ह लिहिलेलं असेल, तर त्याची मर्यादा ताशी ४० किमी आहे आणि शर्यतीत चाक त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. म्हणून अर्धा झिजलेला चालेल, तो हलकाही असतो, पण साइडवॉलला भेग असलेला अजिबात नको. प्रत्येक बाजूचा एक सोडून एक लग काढल्यास वजन खूप उतरतं, फक्त उरलेले लग डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून येतात ना, ते आधी मोजून घ्या. एका बाजूच्या लगांची संख्या विषम निघाली तर शेवटी दोन लग शेजारी राहतात आणि चाक प्रत्येक फेरीला उसळतं. अशा टायरवर प्रत्येक लग सारखाच बारीक करावा, एकही काढू नये.