लिबरॅडट्रॅन: फुकट आणि दमदार, फक्त हवा आपली आपण द्यायची

सूर्यप्रकाश वातावरणातून खाली येताना किती विखुरतो, कुठला वायू काय गिळतो आणि शेवटी जमिनीवर काय पोचतं हे कॉम्प्युटरवर काढायचंय? मग लिबरॅडट्रॅन हे सॉफ्टवेअर घ्या. जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं) लायसन्स, सोर्स कोड सगळ्यांना खुला, खर्च शून्य. याच कामाच्या मॉडट्रॅनचं नाव जास्त ऐकलेलं असतं पण त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. सिक्स-एस हे तसलंच तिसरं, ते पण फुकट आहे, आणि सॅटेलाइट इमेजमधून हवेचा परिणाम काढून टाकणं एवढंच काम असेल तर तेच वापरा, उगाच इकडे येऊ नका.

इन्स्टॉल करणं मात्र डोक्याला ताप आहे. लिनक्स हवं (विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल टाका), फोरट्रान कंपायलर हवा, जीएसएल, नेटसीडीएफ या लायब्ररी हव्यात, आणि यातलं एक नसलं की कॉन्फिगर (इन्स्टॉलची पहिली पायरी) कधी बोंबलतं, कधी गपचूप पुढे जातं आणि मग नंतर कळतं की अमुक फीचर चालूच नाही.

एकदा बसलं की वापरायला मात्र एकदम सरळ. एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक गोष्ट: सूर्याचा झेनिथ कोन (डोक्यावरून किती कलला), अल्बेडो (जमीन किती उजेड परत फेकते), वेव्हलेंथ ३०० ते १००० नॅनोमीटर, सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) डिसॉर्ट. ती यूव्हीस्पेकला, म्हणजे यातल्या मुख्य प्रोग्रॅमला, दिली की थेट येणारा, विखरून येणारा, वर परत जाणारा असे कॉलम समोर. प्लॉट मारा, ७६० ला ऑक्सिजनची बारीक खोल खाच आणि ९४० च्या आसपास बाष्पाचा रुंद खड्डा, ३०० जवळ ओझोनने सगळं कापून टाकलेलं. हे बघायला खरंच भारी वाटतं.

आता माझी खरी तक्रार, डिफॉल्ट. एरोसोलची (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांची) ओळ लिहिलीच नाही तर हवेत धूळ-धूर काहीच नाही असं ते धरतं. बरं, डिफॉल्ट एरोसोल चालू केलं तर काय मिळतं? खेडेगावातली वसंत-उन्हाळ्याची हवा आणि व्हिजिबिलिटी ५० किलोमीटर! अहो इथे डिसेंबरच्या सकाळी पुण्यातून सिंहगड स्पष्ट दिसला तरी लोक फोटो काढतात. अल्बेडो दिला नाही तर शून्य, म्हणजे जमीन ठार काळी. आणि यातल्या कशावरही एरर येत नाही, आकडे छान गुळगुळीत येतात, म्हणूनच जास्त धोका. आपल्याकडची हवा घालायची तर ५५० नॅनोमीटरचा एओडी (हे कण थेट ऊन किती अडवतात तो आकडा) स्वतः द्या, तो मोजणाऱ्या एरोनेट या जागतिक जाळ्याचं स्टेशन पुण्यात आहे, डेटा फुकट मिळतो, आणि धुळीचा प्रकार ओपॅक या एरोसोलच्या तयार संग्रहातून निवडा, त्यात शहरी, वाळवंटी असे मिक्स तयार आहेत. एओडी वाढवून बघा म्हणजे गंमत कळेल, थेट ऊन धपकन पडतं पण विखुरलेलं वाढतं, त्यामुळे एकूण तेवढं कमी होत नाही. साध्या सोलर पॅनलला चालून जातं, आरसे लावून ऊन एकवटणाऱ्या प्लांटला नाही.

ढगांच्या बाबतीत अर्धं समाधान. सगळं सपाट थरांचं गणित, त्यामुळे आकाशभर पसरलेला ढग छान जमतो, पण श्रावणातलं ऊन-पाऊस, तुटक ढग, कडेने येणारा उजेड हे त्यात बसत नाही. मिस्टिक नावाचा माँटे कार्लो (एकेक किरण नशिबावर सोडून मोजणारा) सॉल्व्हर थ्रीडी करतो खरा, पण फुकट पॅकेजमध्ये त्याची एकमितीयच आवृत्ती आहे. सूर्य क्षितिजाला टेकलेला असेल तर स्यूडोस्फेरिकल ऑप्शन चालू करायला विसरू नका, पृथ्वी गोल आहे हे याला सांगावं लागतं.

मी ५ पैकी ४ देईन. मॅन्युअल जाडजूड आहे पण चांगलं लिहिलंय. नवीन असाल तर आधी एक्झाम्पल्स फोल्डरमधली निरभ्र आकाशाची फाइल उचला, एका वेळी एकच ओळ बदला आणि दरवेळी प्लॉट काढा.