टर्बोचा ईसीयू, बिनटर्बोची ऑक्टाव्हिया: अकरा महिन्यांनंतर

गाडी बाबांची, हौस माझी. जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया, २.० पेट्रोल, आठ व्हॉल्व्ह, ११५ पीएस. गेल्या दिवाळीनंतर तिच्यात १.८ टर्बोवाल्या ऑक्टाव्हियाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बसवून घेतला. टर्बो, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, अजून बसलेला नाही; तो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बाल्कनीत गुजराती पेपरात गुंडाळून पडलाय. आधी मेंदू बदलू, तो रुळला की फुप्फुसं, असा बेत होता. बेत लांबला आणि गाडी ९,००० किलोमीटर अशीच चालली.

नुसता ईसीयू बदलून ताकद वाढेल अशी कुणाची समजूत असेल तर ती इथेच सोडून द्या. इंजिनात हवा पूर्वीइतकीच जाते, म्हणून पेट्रोलही तेवढंच पडतं. गंमत अशी की पहिल्या दिवशी मात्र गाडी दुप्पट चपळ वाटते. मीही फसलो होतो. खंडेराव मार्केटपर्यंत एक चक्कर मारली आणि मित्राला फोनवर 'अरे, उडतेय' असं सांगूनही टाकलं.

कारण अॅक्सिलरेटरच्या पेडलमध्ये आहे. बॉशचा हा ईसीयू, मोट्रॉनिक एमई ७.५, पेडल दाबणं म्हणजे टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) मागणी असं समजतो. तुम्ही पेडल जितकं दाबाल त्या प्रमाणात तो टॉर्क ठरवतो, आणि तो हिशोब २१० न्यूटन-मीटरच्या टर्बो इंजिनाचा. आमचं इंजिन १७०च्या आसपास. अर्ध्या पेडलला मागितलेला टॉर्क मिळेना की तो थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणखी उघडतो. लॅपटॉप लावून पाहिलं तर साधारण ६० टक्के पेडललाच थ्रॉटल पूर्ण उघडा. पुढचं पेडल नुसतं शोभेचं. बाबा एका शनिवारी भाजी आणायला गाडी घेऊन गेले, आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घोड्यासारखी उधळते आणि मग बैलासारखी बसते." मी महिनाभर आलेख काढत होतो, त्यांनी एका वाक्यात उरकलं.

आता वायरिंग. माझी पहिली चूक म्हणजे भंगारातून एकटा ईसीयू आणला. गाडी सुरू व्हायची आणि दोन सेकंदांत बंद. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप! ईसीयू आणि मीटरचा कन्सोल यांची आपसांत ओळख लागते, ती नसेल तर इंजिन चालू राहत नाही. दोन रविवार त्यात गेले. मग त्याच ठोकलेल्या गाडीतून कन्सोल, चिपवाली किल्ली, पेडल, थ्रॉटल बॉडी, पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चार कॉइल आणि हवा मोजणारा मास एअर-फ्लो सेन्सर त्याच्या नळीसकट उचलून आणला. दुसऱ्या खेपेला भाव अर्थातच चढला होता. नळीसकट म्हणतोय ते मुद्दाम: सेन्सर तोच ठेवून नळीचा व्यास बदलला तर हवेचं माप चुकतं, आणि या ईसीयूचा सगळा संसार त्या मापावर चालतो.

ईसीयूच्या कनेक्टरला १२१ पिना, ८१ आणि ४० अशा दोन ठोकळ्यांत. मकरपुऱ्यातले आमचे मिस्त्री वायरच्या रंगावर विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून काढली. ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय, आरसी बुकाहून जास्त. सुदैवाने इंजिन किती फिरलं हे ईसीयूला कळवणारं क्रँकचं दातेरी चाक दोन्ही इंजिनांत एकाच पद्धतीचं, ६० दातांपैकी दोन गाळलेलं, त्यामुळे तिथे खराद्याकडे जावं लागलं नाही. इग्निशनने मात्र त्रास दिला. आमच्या इंजिनात एकच कॉइलपॅक दोन-दोन प्लगना एकदम ठिणगी देतो. टर्बोवाल्यात प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल. ती आमच्या हेडवर बसत नाही. शेवटी पत्र्याची पट्टी वाकवून कॉइल बाजूला बसवल्या आणि प्लगपर्यंत जाड वायर नेल्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण अजून एकदाही मिसफायर नाही.

टर्बोचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह, एन७५, नळ्या न जोडता नुसता वायरच्या कनेक्टरला लटकवून ठेवलाय, म्हणजे ईसीयूला सर्किट पूर्ण दिसतं. तरी त्याला गंडवता येत नाही. पूर्ण थ्रॉटलला तो दाब मागतो आणि मिळते बडोद्याची साधी हवा. लॅपटॉपवर दिसणाऱ्या आकड्यांच्या ११५ नंबरच्या ब्लॉकमध्ये मागणी १,५०० मिलिबारच्या पुढे, हातात १,०००. मग दाब कमी पडल्याचा पी१५५६ हा दोषाचा कोड साठतो. महिन्यातून एकदा पुसतो.

खरी भीती मे महिन्यात वाटली. टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ९.५, आमचं १०.५च्या घरात. ठिणगी कधी द्यायची याचा तक्ता कमी कॉम्प्रेशनसाठी लिहिलेला, म्हणजे आमच्या इंजिनाला ठिणगी फार लवकर पडायची भीती. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर भर दुपारी एसी लावून ओव्हरटेक करताना इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली. २० नंबरच्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी सहा अंश मागे ओढलेली. ही टकटक ओळखणारे नॉक सेन्सर काम करत होते म्हणून निभावलं. तेव्हापासून उन्हाळ्यात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आणि दुपारी पाय हलका. शहरात अॅव्हरेज साडेदहावरून पावणेदहावर आलं, त्यात असल्या पेट्रोलची किंमत. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात वेगळंच. या गाडीत ईसीयू वायपरखालच्या कप्प्यात असतो आणि त्या कप्प्यातून पाणी जायला भोकं आहेत. आमच्या दारात कडुलिंब आहे. जुलैत भोकं पानांनी बुजली आणि पाणी ईसीयूच्या डब्याच्या कडेपर्यंत आलं. हात घालून मूठभर पानं काढली. आता दर रविवारी तपासतो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ वाचून मगच पाना हातात घ्या. इंजिनातले असे बदल हा खाजगी मामला नाही.

टर्बो खरोखर लगेच बसवणार असाल तर हे काम करा. 'बघू पुढे' म्हणत करणार असाल तर नका करू. कॉम्प्रेशन उतरवायचं काय ते ठरल्याशिवाय मिस्त्री आता टर्बोला हात लावायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तोवर निदान पेडलचा तक्ता बदलून घेणार आहे. भाजीला बाबा सध्या स्कूटरने जातात.