सशांना सात महिने मुरघास: चारा चांगला, ड्रमच्या रबराने मात्र घात केला

जुलैच्या पावसात मुरघासाचा (हवाबंद ठेवून आंबवलेल्या ओल्या चाऱ्याचा) दुसरा ड्रम उघडला तर वरचा चार बोटं थर पांढरा-हिरवा, नुसती बुरशी, हात घातला तर चारा चक्क कोमट लागला. त्याच रात्री तावातावाने हे लिहायला घेतलं होतं.

मुरबाडला आमचं शेड आहे, न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांची तीसेक वाढती पिल्लं. गोळी खाद्याचा खर्च झेपेना म्हणून जानेवारीत मुरघास सुरू केला. मेहुण्याचा टेम्पो भेंडी-काकडी घेऊन वाशी मार्केटला जातो, येताना मक्याच्या कणसांची सालं आणि थंडीत मटारची टरफलं भरून आणतो. शंभर किलोला दोन-तीन किलो गूळ, तीन आठवडे हवाबंद, हे तुम्हाला माहितीच आहे, मला बोलायचंय ते झाकणाच्या रबराबद्दल.

क्लॅम्प रिंगवाले, म्हणजे झाकण कड्याने आवळून बसणारे, पन्नास लिटरचे निळे ड्रम घेतले. एकाचं रबर जोडावर नखभर उघडं होतं. नखभरच! पण चारा हवेशिवायच नीट आंबतो आणि बुरशीला हवाच लागते, मग तेवढी फट पुरते. दुकानदाराकडे गेलो तर म्हणे ड्रम वापरला की परत नाही. अहो ड्रम कोण परत करतंय, मी फक्त रबर मागत होतो! बायको म्हणाली वरचं काढून खालचं घालूया, मी नाही घातलं. सशाला उलटी करता येत नाही, वाईट पोटात गेलं की गेलंच. अख्खा ड्रम उकिरड्यावर ओतला, जीव तुटला.

फेब्रुवारीतली चूक मात्र माझीच. आईपासून नुकती तोडलेली पाच आठवड्यांची पिल्लं, त्यांना एकदम भरपूर घातलं, पोटं फुगून चार गेली. आता सात आठवड्यांनंतरच, आधी चिमूटभर, दहा दिवसांत वाढवत शंभर ग्रॅमपर्यंत आणि समोर सुकं गवत कायम. शंभर ग्रॅम ओल्या चाऱ्यात पस्तीस ग्रॅमच सुकं असतं, तेवढीच गोळी कमी करतो. तीस पिल्लांमागे रोज किलोभर गोळी वाचते. पिल्लाचं वजन दोन किलो भरायला आठवडाभर जास्त लागतो पण मला परवडतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, शेवटी 'या भानगडीत पडू नका' असं म्हणणार होतो. पण त्याच ड्रमच्या रबरावर सायकलची जुनी ट्यूब कापून ताणून बसवली होती आणि तो पुन्हा भरला होता, तो काल उघडला. पिवळसर हिरवा, ताकासारखा आंबूस वास, बुरशीचा ठिपका नाही. सकाळी घातला तर पिल्लं गोळी सोडून आधी त्यावर आली. म्हणून ते वाक्य काढून टाकलं.

मोठा ड्रम मात्र घेऊ नका, उघडल्यावर आठ-दहा दिवसांत संपला पाहिजे. आणि घेताना दुकानातच थोडं पाणी भरून, रिंग लावून आडवा करून बघा, थेंब जरी आला तरी तो ड्रम तिथेच ठेवा.