आज रात्री की सहा महिन्यांत? भरतीच्या वेळी हिंसेचा धोका बघणारे चार तक्ते

मुलुंडला १५ खाटांचं मानसोपचार युनिट सुरू करणाऱ्या एका डॉक्टरांचा परवा फोन आला. "सिस्टर, अॅडमिशनच्या वेळी हिंसेचा धोका बघायला कुठला फॉर्म ठेवू? नावं चार ऐकलीत, वापरलेलं एकही नाही." माझी १९ वर्षं वॉर्डात गेली, त्यातल्या बऱ्याच नाइट. फोनवर सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

ब्रोसेट, दासा, व्ही-रिस्क-१० आणि एचसीआर-२०, ही चार नावं एका रांगेत ठेवून 'चांगला कुठला' असं विचारलं की घोटाळा होतो. दोन तक्ते पुढच्या २४ तासांचं बघतात, उरलेले दोन त्याहून लांबचं. आपल्याला प्रश्न कुठला पडलाय ते आधी ठरवायचं.

ब्रोसेट हा नॉर्वेचा तक्ता. सहाच गोष्टी बघायच्या: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर जाणं, वस्तूंची आदळआपट. दिसलं तर १, नाही तर ०. बेरीज ३ किंवा जास्त आली की धोका मोठा, लगेच हालचाल करायची. दोन मिनिटांत भरून होतो आणि त्यासाठी पेशंटला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. पहाटे तीनला दोघं धरून आणलेल्या माणसाला कोण काय विचारणार? म्हणून दारातल्या पहिल्या तासासाठी मी हाच धरते.

त्यात एक खोच आहे. ओळखीच्या पेशंटमध्ये नेहमीपेक्षा वाढलेलं वागणंच मोजायचं असतं. नव्या माणसाचं 'नेहमीचं' आपल्याला काय माहीत? आमच्या मालवणात साधं जेवायला बोलावलं तरी परक्याला भांडण चाललंय असं वाटतं. तेव्हा आवाज चढलेला दिसला की आधी सोबतच्या आईला नाहीतर बायकोला विचारायचं, "घरी पण असंच बोलतात का?" आपल्याकडे नातेवाईक पेशंटबरोबर वॉर्डात थांबतात, त्याचा हा मोठाच फायदा. मात्र नातेवाईकांचं बोलणं तोलून घ्यावं लागतं. खाट मिळावी म्हणून कुणी वाढवून सांगतं, 'मारतो म्हटलं तर घेणार नाहीत' या भीतीने कुणी लपवतं.

लपवण्याची एक रात्र विसरता येत नाही. मी तेव्हा होते त्या रुग्णालयात हा तक्ता फक्त भरतीच्या दिवशी भरायचा, मग तो केस पेपरच्या मागे टाचलेला राहायचा. चाळिशीचा एक माणूस आला, शांत, नमस्कार वगैरे केला. मी ० लिहिला, आणि तो खराच होता. बायको म्हणाली, "कधीतरी घेतात." तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागला, कुठे आहोत ते त्याला कळेना, आणि सलाईनचा स्टँड त्याने मामांच्या, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयच्या, खांद्यावर घातला. दारू रोजची होती आणि भरती झाल्यामुळे अचानक सुटली होती. दारू सुटल्यावरचं हे वात होणं, म्हणजे असा भ्रम होणं, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येतं. संध्याकाळच्या शिफ्टला कुणी तक्ता भरला असता तर गोंधळ आणि चिडचिड मिळून २ तरी आले असते, आणि डॉक्टर वेळेत आले असते. मामा चार दिवसांनी कामावर आले, कुणावर रागावले नाहीत. मला मात्र तो कागदावरचा ० अजून दिसतो.

दासा ऑस्ट्रेलियाचा, २००६ मधला. हाही २४ तासांचाच. सात मुद्दे: चिडचिड आणि धमकीबरोबर उतावळेपणा, सूचना न ऐकणं, नकारात्मक सूर, कुणीतरी मुद्दाम डिवचतंय असं वाटणं, आणि मागितलेलं नाकारलं की भडकणं. हा शेवटचा मुद्दा वॉर्डातल्या माणसाने सुचवलेला असणार! आमच्याकडची निम्मी भांडणं तंबाखू, मोबाइल आणि 'घरी फोन लावून द्या' यावरूनच होतात. पण हे कळायला माणूस निदान एक दिवस वॉर्डात राहिलेला हवा, दारातच त्याने काय मागितलेलं असणार? शिवाय 'नकारात्मक सूर' या शब्दांत सिस्टरचा स्वतःचा कंटाळा मिसळायला वेळ लागत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत वॉर्डासाठी ब्रोसेट किंवा दासा, दोन्हींची नावं आहेत. मुक्काम लांबणारे पेशंट जास्त असतील तर दासा घ्या.

व्ही-रिस्क-१० हाही नॉर्वेचा. दहा प्रश्न: पूर्वीची मारहाण, धमक्या, व्यसन, संशयीपणा, आजाराची जाण, पुढे येणारे ताण वगैरे. 'माहीत नाही' असंही उत्तर देता येतं, हे मला फार आवडतं. भरतीनंतर डॉक्टरांनी नातेवाईकांना निवांत बसवून भरावा.

एचसीआर-२० मुलुंडला नको. वीस मुद्दे, त्यातले दहा गतायुष्याचे, जुनी कागदपत्रं लागतात, ट्रेनिंग लागतं, पुस्तिका विकत घ्यावी लागते. कोर्टाकडून आलेला पेशंट सोडायचा की नाही अशा निर्णयासाठी तो चांगला. त्याच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर बेरजेवर निर्णय घ्यायचाच नाही, असं आहे.

बेरजेचं एक गणित डॉक्टरांनाही सांगितलं. समजा २०० पेशंट आले, त्यातले १० खरोखर हात उगारणार आहेत. तक्त्याने त्यातले ८ पकडले आणि उरलेल्या १९० पैकी दर दहातल्या एकावर चुकून बोट ठेवलं, तर १९ निरपराध यादीत आले. म्हणजे लाल खुणेच्या २७ जणांतले ८ खरे. म्हणून ३ आले की बांधायचं, असं नाही. ३ आले की जवळ जायचं, साखर बघायची, ताप बघायचा, शेवटचा पेला कधी घेतला ते विचारायचं, शेजारची खाट हलवायची. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे साखळदंडाला बंदी आहे. शारीरिक बंधनही तात्काळ धोका टाळायला दुसरा इलाज नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, नोंद करून, आणि २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला) कळवून. पेशंटच्या मर्जीविरुद्ध भरती करतानाही याच कायद्याच्या कलम ८९ ला तक्त्यातला आकडा चालत नाही. अलीकडे प्रत्यक्ष काय घडलं, ते लिहावं लागतं.

तेव्हा मुलुंडसाठी माझं मत: दारात ब्रोसेट, मग पहिले तीन दिवस प्रत्येक शिफ्टला ब्रोसेटच, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी व्ही-रिस्क. ब्रोसेटच्या कागदाखाली हाताने तीन ओळी वाढवा: दारू शेवटची कधी, घरी असंच वागतात का, कशाने शांत होतात. तिसऱ्या ओळीचं उत्तर बायका हमखास देतात. "चहा दिला की गप्प बसतात," असं एकीने सांगितलं, आणि बसला तो माणूस.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "सही कुणाची घेऊ?" म्हटलं, सिस्टरची घ्या, पण भरण्याआधी तिने मामा आणि मावशींना विचारलंच पाहिजे. ताट कुणी भिरकावलं ते आधी त्यांना माहीत असतं.